मेट्रनबाईंचा सकाळचा राऊंड

मेट्रनबाईंच्या झोपायच्या खोलीचं छत भर दुपारी खाली आलं, तेव्हा सुदैवाने त्या स्वयंपाकघरात होत्या. वरच्या बिऱ्हाडात नळ उघडा राहिला होता आणि माणसं बाहेरगावी गेली होती. गवंडी आला, त्याने मान वर करून बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पंधरा दिवस धरून चाला." पुढच्या तारखांवरचा मेट्रनबाईंचा विश्वास आयुष्य प्रसूतिकक्षात काढल्यामुळे केव्हाच उडाला होता. त्यांनी मनातल्या मनात महिना धरला आणि मुलीला फोन लावला.

"बॅग भर," मुलगी म्हणाली. "मी त्याला गाडी घेऊन पाठवते."

मुलीचं घरातलं नाव बेबी. बेबी आता चाळिशीला टेकली होती, फिजिओथेरपिस्ट होती आणि धिप्पाड पुरुषांचे आखडलेले खांदे हातात धरून त्यांना रडवत होती. पण मेट्रनबाईंच्या लेखी ती बेबीच. जावई गाडी चालवायला शिकवायचा. गावभर त्याला मास्तर म्हणत. त्याच्या गाडीच्या टपावर शिकाऊची पाटी होती आणि डाव्या बाजूच्या सीटसमोर आणखी एक ब्रेक होता, विद्यार्थी गडबडला तर मास्तरांनी दाबायचा. मेट्रनबाई नेमक्या त्याच सीटवर बसल्या. हॉस्पिटलमध्ये जन्मभर दुसऱ्यांच्या चुका वेळेवर थांबवल्या होत्या, त्यामुळे तो ब्रेक पाहून त्यांना फार बरं वाटलं. प्रत्येक चौकात त्यांनी तो दाबला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले, बॅग पुढे येऊन आदळली, जावई एकदाही वैतागला नाही.

"तुमचा पाय चांगला आहे, आई," घरी पोचल्यावर तो म्हणाला. "फक्त जरा लवकर पडतो."

आपला पाय काय किंवा निदान काय, लवकरच पडतं, हे मेट्रनबाईंना अभिमानाने ठाऊक होतं.

लेक-जावयाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मेट्रनबाई तिथे नेहमी दिवसा यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. मुक्काम करायची वेळ लेकीच्या लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच आली होती. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी आणि दोन खोल्या. दुसऱ्या खोलीत दारातून जावयाच्या कामाचं टेबल दिसायचं, म्हणून तिला त्या ऑफिस समजायच्या. "माझ्या खोलीत झोप ना," बेबी म्हणाली, पण मेट्रनबाईंनी हॉलमधला सोफा पसंत केला. बेबीने 'माझ्या' म्हटलं, 'आमच्या' नाही, हे तेव्हा त्यांच्या कानावरून गेलं. नंतर मात्र ते चांगलंच टोचलं.

कारण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या सवयीने उठल्या आणि सवयीनेच राऊंडला निघाल्या. हात मागे बांधून, रबरी चपलांचा आवाज न करता. पहिल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत एकेरी पलंगावर बेबी एकटी, तोंड उघडं टाकून झोपलेली. दुसऱ्या खोलीचं दारही उघडंच. आत एकेरी पलंगावर जावई, उशीला मिठी मारून झोपलेला. उशाशी पाण्याचा तांब्या, चष्मा, अर्धं वाचलेलं पुस्तक, पायाशी सपाता. एका रात्रीच्या रुसव्याची ही व्यवस्था नव्हे. इथे कुणीतरी कायमचं राहत होतं.

मेट्रनबाई भिंतीला टेकल्या. आयुष्यात त्यांनी जुळी पाहिली, तिळी पाहिली, लिफ्टमध्ये झालेली बाळंतपणं पाहिली, पण असा घाम त्यांना कधी फुटला नव्हता.

चहाच्या वेळी त्या भांडणाची चिन्हं शोधत बसल्या. चिन्हं काही सापडेनात. जावयाने टोस्टच्या करपलेल्या कडा स्वतःच्या ताटलीत काढून मधला भाग बेबीपुढे सरकवला. बेबी काल आलेल्या एका पेशंटची गोष्ट सांगत होती. आजोबांचा गुडघा दुखत होता आणि ते दुसराच गुडघा पुढे करत होते. जावई पोट धरून हसला आणि मग त्याने विचारलं, "पण ते दुसरा का पुढे करत होते?"

"घाबरत होते रे. दुखऱ्याला हात लावू द्यायचा नव्हता."

"मग तू काय केलंस?"

मेट्रनबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे स्वर्गवासी यजमान माणूस सज्जन, पण त्यांनी हॉस्पिटलमधल्या कुठल्याही गोष्टीवर दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता. पहिला विचारायचे तोही वर्तमानपत्रामागून. हे दोघं माझ्यादेखत नाटक करतायत, मेट्रनबाईंनी ठरवलं. आणि नाटक चांगलं वठतंय म्हणजे प्रकरण फार पुढे गेलंय.

बेबी कामावर गेल्याबरोबर त्यांनी गॅलरीत जाऊन थोरल्या भावाला फोन केला. भाऊ कौटुंबिक न्यायालयात कारकून होते. निवृत्त झाल्यापासून घटस्फोट या विषयात त्यांचा शब्द घरात शेवटचा मानला जाई, निदान त्यांच्याकडून तरी.

"दोन खोल्या?" भाऊंनी आवाज खाली आणला. "वेगवेगळे पलंग? पांघरुणं?"

"पांघरुणंही वेगळी."

"मग पहिली पायरी ओलांडली म्हणायची. आमच्याकडे यायची जोडपी, सगळ्यांची सुरुवात खोलीपासूनच. भांडतात का?"

"एक शब्द नाही. हसतात."

"बाप रे. म्हणजे आतून तुटलंय. भांडणारे परत जुळतात, हसणारे सही करून मोकळे होतात."

"मी काय करू, भाऊ?"

"विचारू नकोस काही. तोंड उघडलंस की दोघंही सावध होतील. एकच कर, दोनातली एक खोली बंद पाड. माणसाला पर्याय नसला की माणूस वळणावर येतो."

मेट्रनबाईंना सल्ला पटला. दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी जावयाच्या खोलीत फरशी पुसायला घेतली आणि बादलीला पाय लागला. पहिल्यांदा लागला तेव्हा पाणी नुसतंच फरशीवर गेलं, म्हणून त्यांनी बादली पुन्हा भरली, गादीवर उचलून ठेवली आणि मग पाय लावायचाही उगाच त्रास न घेता ओतली.

संध्याकाळी जावई घरी आला. थबथबलेली गादी पाहून म्हणाला, "तुम्हाला नाही ना लागलं, आई? ओल्या फरशीवर घसरतं फार." एवढं बोलून त्याने गादी उभी करून ठेवली. मेट्रनबाईंना शरम वाटली. पण काम फत्ते झालं होतं. त्या लवकरच सोफ्यावर पडल्या, डोळे मिटले आणि पुढची पावलं कुठल्या दिशेने जातात ते ऐकत राहिल्या.

पावलं हॉलमध्येच आली. जावयाने सोफ्याच्या शेजारी, मेट्रनबाईंपासून हातभर अंतरावर सतरंजी पसरली.

"तुम्ही इथे?" मेट्रनबाई उठूनच बसल्या.

"हो. तुम्हाला सोबत."

"मला कशाला सोबत? बेबीच्या खोलीत जा की."

"तिचा पलंग अरुंद आहे. आणि ती झोपेत लाथा मारते, तुम्हाला माहीतच असेल."

माहीत होतं. मेट्रनबाईंच्या पोटातही मारल्या होत्या. पण आता मोठीच पंचाईत झाली. कवळी काढून ग्लासात ठेवायची तर जावई समोर. न काढावी तर हिरड्या ठणकणार. त्या कवळी घालूनच आडव्या झाल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. त्यामुळे जावई बोलत राहिला आणि त्यांना नुसतं 'हं' म्हणत ऐकावं लागलं. तो शिकाऊ लोकांविषयी बोलला. माणूस रस्त्याला नाही, मागच्या हॉर्नला घाबरतो, असं म्हणाला. मग म्हणाला, "बेबी माझ्याकडे शिकायला आली तेव्हा गाडी बंद पडली की सॉरी म्हणायची. गाडीला. मला नाही." अंधारात तो हसला. त्या हसण्यात इतका जिव्हाळा होता की मेट्रनबाईंचा सगळा हिशेबच चुकला. तुटलेल्या घरातला नवरा बायकोविषयी असं बोलत नाही. आणि तरीही दोन खोल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जावयाने जाण्याआधी गादी गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकली. "दुपारी उलटवा हं, आई," तो सांगून गेला. मेट्रनबाईंनी दुपारी ती उलटवली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळपासून भाऊंचे तीन फोन येऊन गेले होते आणि तिसऱ्या फोनवर त्यांनी, वहिनीला घेऊन स्वतःच येतो, असं जाहीर केलं होतं. गादीचा जड ओला भाग कठड्याच्या बाहेर राहिला.

त्याच वेळी खाली शिकाऊची गाडी फाटकातून आत येत होती. स्टिअरिंगवर एक निवृत्त बँक मॅनेजर बसले होते. सावध माणूस, इंडिकेटर लावण्याआधीही ते मास्तरांची परवानगी घेत. मेट्रनबाईंनी वरून पाहिलं की गादी हळूहळू मान टाकतेय. त्यांनी हात पुढे केला, हातात फक्त चादर आली. गादी खाली गेली ती सरळ गाडीच्या काचेवर. समोर अचानक अंधार झाल्यावर मॅनेजरांनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. तो ॲक्सिलरेटर निघाला. गाडी गादीसकट सायकलींच्या रांगेकडे झेपावली आणि अगदी टेकता टेकता जागच्या जागी थांबली. जावयाचा पाय वेळेवर पडला होता. लवकरही नाही, उशिराही नाही.

मेट्रनबाई जिन्यावरून धावत खाली आल्या तेव्हा जावई मॅनेजरांचं स्टिअरिंगला चिकटलेलं एकेक बोट सोडवत होता. "छान," तो त्यांना सांगत होता, "अचानक अडथळा आला तर काय होतं, हे आज प्रत्यक्ष पाहिलं आपण. आता श्वास घ्या."

खिडक्या उघडल्या. तळमजल्याचे शेजारी बनियनवर बाहेर आले. त्यांनी गादीला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "कुणाची म्हणायची ही?"

"माझी," जावई म्हणाला.

"एवढीशी?"

फाटकाशी टॅक्सी थांबली होती. भाऊ आणि वहिनी उतरत होते, आणि त्यांच्या मागून अर्ध्या दिवसाचं काम संपवून बेबी चालत येत होती. समोर गाडी, गाडीवर नवऱ्याची गादी, गादीभोवती माणसं. भाऊंनी हे सगळं एका नजरेत टिपलं आणि कपाळाला हात लावला. "सामान बाहेर फेकण्यापर्यंत आलं का?" ते बहिणीला म्हणाले. कुजबुजतच म्हणाले, पण त्यांची कुजबुज आयुष्यभर कोर्टाच्या आवारात तयार झालेली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

"कुणी फेकलं?" बेबीने विचारलं.

"कुणी नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. हाताखालच्या नर्सची चूकही त्यांनी कधी लपवू दिली नव्हती, स्वतःची कशी लपवणार? "माझ्या हातून पडली. आणि ओलीही मीच केली. मुद्दाम."

"मुद्दाम?" जावयाने पहिल्यांदाच गोंधळून पाहिलं. "का, आई?"

मेट्रनबाईंनी शेजाऱ्यांकडे पाहिलं, बँक मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर आता बरेच सावरले होते आणि उत्तराची वाट पाहत होते. "वर चला," त्या म्हणाल्या.

वर गेल्यावर भाऊंनी सूत्रं हाती घेतली. मधली खुर्ची घेतली, घसा साफ केला. "हे बघा, संसारात चढउतार यायचेच. दोघांपैकी कुणाचं बाहेर काही असेल तर तेही आपण शांतपणे ऐकून घेऊ. मी अशी शेकडो प्रकरणं पाहिली आहेत."

"कसली प्रकरणं, मामा?" बेबी म्हणाली.

"तुम्ही वेगळे होताय."

"आम्ही?" बेबीने नवऱ्याकडे पाहिलं. "आपण वेगळे होतोय का रे?"

"मला तरी काही बोलली नाहीस," जावई म्हणाला.

"मग दोन खोल्या का?" मेट्रनबाईंच्या तोंडून एकदाचं निघालं. "दोन पलंग का? मी सकाळी पाहिलं, बेबी. मी आई आहे तुझी. मला काय त्रास झाला असेल."

बेबी हसणार होती, पण आईचा चेहरा पाहून तिने हसू गिळलं. ती येऊन आईच्या पायाशी खाली बसली. जावई स्वयंपाकघराकडे निघाला. "मी चहा टाकतो. तुम्ही मोकळेपणी बोला."

"बस रे तू पण," ती म्हणाली. "दोघांचं आहे, दोघांनी सांगू."

तो परत येऊन तिच्या शेजारी फरशीवर बसला. बोलायला सुरुवात त्यानेच केली, कुणाला रस्ता सांगावा तशी.

"आई, मला कधी तसं वाटलंच नाही. कुणाबद्दलच नाही. कॉलेजातली मुलं मुलींबद्दल बोलायची तेव्हा मला वाटायचं, ही जरा वाढवून सांगतायत. मग कळलं की त्यांचं खरं आहे, मीच निराळा आहे. हिच्याशी लग्नाचं बोलायच्या आधी मी हिला हे सगळं सांगितलं. गाडी कडेला घेऊन."

"आणि मी काय म्हणाले, सांग की."

"म्हणाली, बरं झालं बाई, सुटले."

भाऊंनी खुर्चीत बूड सावरलं. "डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं की. तब्येत उत्तम आहे दोघांची," बेबी म्हणाली. "आई, माझं आधीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आठवतं? तुला वाटायचं त्याने मोडलं. मी मोडलं. चांगला होता तो. पण त्याच्याबरोबर मला जन्मभर आवडल्याचं सोंग करावं लागलं असतं. ते मला जमलं असतं, म्हणूनच भीती वाटली. इथे सोंग करावं लागत नाही. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. संसार करायचा, मजेत करायचा, फक्त ते वगळून. मूल नको हेही तेव्हाच ठरलं. तू जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवायचीस, त्या आम्ही घेतल्या बरं का. केस छान झाले त्याचे."

 मेट्रनबाई मुलीकडे पाहत राहिल्या. हजारो बाळं ह्या हातांत आली आणि आपल्याच घरी पाळणा नाही, हे शल्य त्यांनी नऊ वर्षं कुणाला न दाखवता बाळगलं होतं. मुलीत काही कमी असेल का, जावयात असेल का, आपलंच काही चुकलं का. त्यातलं काहीच नव्हतं.

"मन मारत नाहीस ना?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांग. त्याच्यासमोर सांग."

"भूक मारणं वेगळं, आई. भूकच नसणं वेगळं." बेबीने जावयाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि त्याने तिच्या केसात अडकलेला कापसाचा धागा काढला. दोघांनाही आपण काही केल्याचं भान नव्हतं. पण मेट्रनबाईंनी पाहिलं. नवी आई बाळाकडे बघते तेव्हा तिला आपण बघतोय हे कळत नसतं, तसं ते होतं. हे चिन्ह मात्र त्यांना ओळखता येत होतं. त्यात त्यांची कधी चूक झाली नव्हती.

"मी वीस वर्षं रात्रपाळी मागून घेतली," त्या एकदम म्हणाल्या. "हॉस्पिटलने सत्कार केला माझा. सेवाभाव म्हणाले." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "सेवाभाव होताच. पण सगळा सेवाभाव नव्हता. मला घरी नको असं सांगता यायचं नाही, म्हणून मी ड्यूटी लावून घ्यायचे. तुम्ही गाडी कडेला घेऊन सांगून मोकळे झालात. आमच्या वेळी गाडीच कुणी कडेला घेतली नाही."

 जावयाने विचारलं, "मग दिवसा झोप व्हायची का, आई?" आणि मेट्रनबाईंच्या लक्षात आलं, त्यांना आयुष्यात प्रथमच कुणीतरी दुसरा प्रश्न विचारला होता. त्या उत्तर द्यायला लागल्या आणि चहा होऊन, पिऊन, कप धुऊन झाले तरी त्यांचं उत्तर चालूच होतं.

भाऊ मात्र अस्वस्थ होते. शेकडो प्रकरणांत हे बसत नव्हतं. "पण लग्न म्हणजे शेवटी," ते म्हणाले आणि पुढचा शब्द भाचीसमोर उच्चारता येईना म्हणून हवेत हात फिरवत राहिले.

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. तशा त्या नेहमीच गप्प असत. भाऊंच्या घरात बोलायचं काम भाऊंकडे होतं. त्या उठल्या. आधी बेबीची खोली नीट पाहून आल्या, मग जावयाची. खिडकी उघडून पाहिली, पलंगाच्या फळीवर हात फिरवला.

"हवा छान येते," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आपली ती मागची खोली नुसतीच पडून आहे ना हो?"

"त्यात माझ्या जुन्या फायली आहेत," भाऊ म्हणाले.

"त्या हलवू," वहिनी म्हणाल्या.

गादी पुढे तीन दिवस वाळली. तोवर जावई हॉलमध्येच झोपला. मेट्रनबाई आता कवळी बिनधास्त ग्लासात काढून ठेवत आणि बोळक्या तोंडाने लिफ्टमधल्या बाळंतपणाची गोष्ट सांगत. बेबीही उशी घेऊन तिथे येऊन पडायची आणि अर्ध्या गोष्टीत झोपून दोघांना लाथा मारायची. गवंड्याचा फोन आला, छत तयार आहे म्हणून. पण मेट्रनबाईंनी, घाई करू नका, रंग नीट वाळू द्या, असं त्याला बजावलं.

महिन्याभराने त्या आपल्या घरी परतल्या, त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. इतक्या वर्षांत वहिनींनी आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"फायली हलल्या का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हलल्या. आठ दिवस रुसून होते. माझ्याच घरात मला वेगळं काढलं म्हणाले. आता बरे आहेत. झोप चांगली लागते म्हणतात."

"आणि तुम्हाला?"

 पलीकडून वहिनींचा आवाज आला, लाजल्यासारखा.

"काय सांगू तुम्हाला. काल सकाळी दाराबाहेर चहाचे दोन कप घेऊन उभे होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं हो, आत येऊ का म्हणून."